खटका खाली

कासियान : …तुझ्या आईबापाचं लग्न झालं त्या वर्षी घेतलीत स्कीवर बूट धरणारी ही बायंडिंगं. खटका ओढायला लागल्यापासून बूट एकदाही सुटला नाही.

फिलोमेना : सुटणार कसा, आजोबा? चढणीसाठी वर ओढलेला पुढचा खटका तसाच ठेवून तुम्ही उतरता.

कासियान : ठेवतोच. आपल्या खोऱ्यातला वाटाड्या पाहुण्यांसमोर स्की शोधत बर्फात रांगत नाही.

फिलोमेना : चढताना वर ओढायचा, उतरताना खाली दाबायचा. म्हणजे पडल्यावर पाय पिळवटला की स्की आपोआप सुटते. आठ वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत.

कासियान : पाहुण्यांना शिकवतो तेच तुला शिकवलं. वाटाड्याची गोष्ट वेगळी.

फिलोमेना : आज वाटाड्या मी आहे. सकाळी सगळ्या गावादेखत तुम्हीच म्हणालात, आजपासून पुढे ही. ते दोघे पाहुणे शिखरावरच्या क्रूसापाशी चहा पितायत, ते माझ्या भरवशावर उतरणार. तुमचा खटका खाली आल्याशिवाय इथून कुणीच हलणार नाही.

कासियान : म्हणजे मी शिखरावर घर बांधू?

फिलोमेना : बांधा. आजीला सांगते, जेवण वर पाठवेल.

कासियान : जीभ अगदी तिचीच घेतलीस. अगं, मला काय हौस आहे? पहिल्याच हिवाळ्यात खटका खाली होता आणि नुसत्या वळणावर दोनदा बूट निघाला. स्प्रिंगच ढिली आहे. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचे खटके मी ओढायला लागलो.

फिलोमेना : स्की काढा. द्या इकडे.

(ती गुडघ्यावर बसते आणि खिशातून विणायची सुई काढते.)

कासियान : ही आजीची सुई. इथे काय मोजे विणतेस?

फिलोमेना : बघा, खटक्याखाली बर्फाचा गड्डा. चढताना साचतो, दगडासारखा घट्ट होतो. मग बुटाला धरणारा जबडा पुरता मिटतच नाही. बूट त्यामुळे निघाला होता. स्प्रिंग चांगली आहे.

कासियान : तेवढ्यानं?

फिलोमेना : तेवढ्यानंच. आता बूट लावा. आधी पंजा. टाच दोन-चारदा वर-खाली हलवा, बुटाच्या भोकांतला बर्फ पडू दे. आता टाच दाबा.

कासियान : आवाज वेगळा आला.

फिलोमेना : आणि खटका खाली आहे. बघून घ्या.

कासियान : फिलो, तुझ्या बापाचा खटका त्या दिवशी मीच ओढला होता. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, कासियानच्या मुलाची स्की सुटलेली लोकांनी बघायची नाही. वरून हिमलोट आला. स्की पायाला तशाच राहिल्या आणि त्याला बर्फाखाली घेऊन गेल्या.

फिलोमेना : माहीत आहे. आजीनं सांगितलंय. सकाळी सुई हातात देताना एवढंच म्हणाली, आज म्हाताऱ्याचं बघ.

कासियान : इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलली नाही ती.

फिलोमेना : तुम्ही तरी कुठे बोललात?

कासियान : चल, आधी पाहुण्यांना सांगू दे. अहो मंडळी, चहा आवरा. ही माझी नात. बावन्न हिवाळे मी डोंगरावर काढले, माझा खटका खाली करायला लावणारं कुणी भेटलं नव्हतं. आज भेटलं. ती थांब म्हणाली की थांबायचं. मीसुद्धा थांबणार आहे.

फिलोमेना : पुरे, आजोबा. कान लाल झाले माझे.

कासियान : होऊ देत. ती क्रूसाखालच्या डब्यातली वही दे. शिखरावर आलेल्यानं नाव लिहायचं असतं.

फिलोमेना : एवढं काय लिहिताय?

कासियान : घे, वाच मोठ्यानं.

फिलोमेना : ‘वाटाड्या फिलोमेना. तिच्या मागे कासियान, खटका खाली.’ आणि त्याखाली…

कासियान : तेही वाच.

फिलोमेना : ‘लिओनहार्ड, माझा मुलगा, तिचा बाप. याच उतारावर वारला, मार्चच्या नऊ तारखेला, ती चालायला लागली त्या वर्षी.’