शेवटापासून सुरुवात

शनिवारी इंग्लंडमधल्या बोल्टनच्या सिनेमाघराबाहेर रांगेत माझ्यापुढे गिरणीत कामाला असलेली एक तरुण जोडी एकाच पुडीतल्या चिप्स खात उभी होती. तो बोलत होता.

"आयव्ही, असा दिग्दर्शक होणे नाही. पहिल्याच गाण्यात लग्न लावून टाकतो."

"हो का."

"मग नवरा-बायको ट्रॅममध्ये शेजारी बसतात आणि एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. अगदी आमचे आई-बाबा. पुढे प्रेमगीत, मग भांडण, की संपलं. काय शैली आहे."

"विल्फ, गेल्या शनिवारी आपण शिरलो तेव्हा सिनेमा संपत आला होता. तुझा बिअरचा ग्लास संपेल तर ना."

"काहीतरीच."

"लग्न झाल्यावर दिवे लागले, आइस्क्रीमवाली आली."

"ते मध्यंतर होतं."

"तो शेवट होता, बावळटा. नंतर त्याच तिकिटावर आपण पुढचा खेळ पहिल्यापासून पाहिला आणि भांडणापाशी उठलो. ट्रॅममध्ये त्यांची ओळख व्हायची असते."

"म्हणजे आधी ओळख, मग गाणी, शेवटी लग्न? ह्यात कसली शैली? असं तर सगळेच करतात."

"सगळे नाही करत. तू चार वर्षं गाणीच म्हणतोयस."

"चिप्स घे ना."

"नकोत चिप्स. तुला उलटं आवडतं ना? मग आधी लग्न कर."

"आणि मग ट्रॅममध्ये?"

"बसेन की शेजारी. तुझ्या आईसारखी."