खडूची खूण

हर्षूच्या हातून वरणभाताच्या डब्याचं झाकण पडलं आणि चंदीगडच्या बसस्टँडवरची अख्खी रांग दचकली. मग ट्रान्झिस्टर-बॉम्बच्या स्फोटांनंतर सुरू झालेल्या सामान-तपासणीच्या खिडकीशी बोलणं पुन्हा सुरू झालं. आमच्या पुढे एक पगडीवाला विद्यार्थी उभा होता, समोर त्याचं उघडं खोकं.

“टेप आहे ना? वाजवून दाखव.”

“वाजत नाही जी. यात चित्रं आहेत.”

“मला तर नुसती काळी फीत दिसतेय.”

“कॉम्प्युटरवर लावली की दिसतात. उद्या दिल्लीत कॉम्प्युटर ग्राफिक्सची परिषद आहे, तिथे दाखवायचीत.”

“म्हणजे इथे कुणालाच दिसणार नाहीत. सोयीचं आहे. पहिल्या खिडकीवर जा.”

“त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं. तुमची खडूची खूण नसेल तर कंडक्टर खोकं चढवू देत नाही. बस सुटेल जी.”

“सुटू दे. नाव काय म्हणालास?”

“हरकीरत सिंग.”

“हं. बाजूला थांब, साहेब आले की बघतील.”

“कधी येतील?”

“आले की कळेल. पुढे कोण? या बहनजी. पेटीत काय?”

“घरचंच सामान.”

खिडकीतल्या माणसाने पेटीवर खडूने फुली मारली.

हर्षू त्या मुलाकडे बघत होता. माझा पदर ओढून त्याने विचारलं, “आई, अंकल ने हमारी पेटी क्यों नहीं खोली?”