सेल्समनच्या मनगटातला डेमो

आमच्या लॅबला ब्लड गॅसचं, म्हंजी रक्तातला ऑक्सिजन आन् कार्बन डायऑक्साइड मोजायचं मशीन घ्यायचं होतं, तवाची गोष्ट. जुन्या मशीननं आयसीयूतल्या पेशंटचा ऑक्सिजन चुकीचा दाखवलता, तवापासून आमच्या डॉक्टरीणबाई कुणाचंच ऐकून घेत नव्हत्या. पुण्याचा सेल्समन डेमोला आला. बाई म्हणाल्या, "पावणं, तुमचंच रक्त तपासू. मनगटात सुई खोल जाती. भ्या वाटतंय काय?"

"छे, अजिबात नाही."

सुई बघूनच तो धापा टाकायला लागला. रिपोर्टात कार्बन डायऑक्साइड कमी आला. त्याचं तोंड पांढरं पडलं. "मॅडम, मशीनचंच काहीतरी चुकलंय, पुन्हा करू."

बाईंनी त्याच्या हातातनं रिपोर्टाचा कागद घेतला. मग म्हणाल्या, "घाबरून धापा टाकल्यावर कमीच हुतो की. खोटं तुम्ही बोलला, पावणं, मशीन न्हाय. हेच घेऊ."