बोंबील टिकवण्यावरचा लेख

चौक गावाला जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजातल्या एक मॅडम आणि सुकी मासळी विकणारी मावशी.

“मावशी, तुम्ही सुके बोंबील कसे टिकवता, त्यावरच्या माझ्या लेखाची प्रिंट तुम्हाला दिलेली. आहे का?”

“हाय की. तुझ्याकडं न्हाय?”

“माझ्याकडे नुसती लिंक होती. जर्नलची साइटच बंद पडली.”

“मंग जर्नलवाल्यांना विचार.”

“विचारलं. कायमस्वरूपी जतनाची मुदत मार्चमध्ये संपली म्हणाले.”

“कायमची पन मुदत असते?”

“त्यांच्या नियमात तीन वर्षं आहे. आणि मला सोमवारी प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला लेख दाखवायचाय.”

“घेऊन जा. फक्त वास येल. बोंबलाच्या डब्यात ठेवलाय.”

“डब्यात? का?”

“त्यात तूच लिवलंस ना, या डब्यात ठेवलेलं खराब व्हत न्हाय म्हनून.”