चुन्याच्या डबीतलं पीठ

मी मूळचा पूर्ण्याचा. वडील रेल्वेत सुतार व्हते, डब्यातली बाकडी, खिडक्या दुरुस्त करायचे, आन् मोडीत निघालेलं लाकूड घरी आणून त्याचे पाट, देव्हारे करायचे. लाकूड कसं वळखावं ते त्यांनी शिकवलं. खोटं कसं बोलावं ते न्हाई शिकवलं, ते माझं मीच शिकलो. आधीच सांगून ठिवतो ताई, मी बोलणारा माणूस न्हाई. माझी बायको म्हणती, ह्यांच्याकडून एक शब्द काढायचा म्हणजे पावसाळ्यात फुगलेला खण वढायचा. पण तुमी परभणीवरून आलाव, नव्या घरासाठी जुनी संदूक पायजे म्हणून, आन् आल्या आल्या त्या काळ्या पेटीवर हात ठिवून मनलाव, ही तर शंभर वर्षांची असंल. तवाच वाटलं, आता बोलावं. ती शंभर वर्षांची न्हाई. ती गेल्या दिवाळीतली हाय. मीच केली.

काय सांगू तुमाला, ह्या धंद्यात समोरून बघायचंच न्हाई. समोरून समदं जुनंच दिसतंय. चहाचं पाणी फिरवलं की लाकूड काळं होतंय, साखळीनं बडवलं की चरे पडत्यात, बिजागऱ्या आठ दिवस मिठाच्या पाण्यात ठिवल्या की झाल्या निजामाच्या काळातल्या. तुमी खण भायेर काढा, उलटा करा, बुड बघा. जुन्या खणाचं बुड एका कडंनं जास्त झिजलेलं असतंय, कारण माणूस वर्षानुवर्षं एकाच हातानं वढतो. दोन्हीकडं सारखं झिजलेलं दिसलं की समजायचं, कुणीतरी कानस मारलीय. मग नाक आत घाला. जुन्या संदुकीला लुगड्यांचा, कापराचा, हळदीचा वास असतोय, माझ्या पेटीला पालिशचा येतोय, बघा घेऊन वास. मीबी कुणावर इश्वास ठिवत न्हाई. पालमकडं कुणी मनलं, ही आमच्या आजोबाची पेटी, तर मी आधी पेटीचं बुड बघतो, आजोबाचं मग इचारतो.

पण हे झालं इकायचं. घ्यायचं कसं, ते मी कुणालाच सांगितलं न्हाई, बायकोलाबी न्हाई. ही डबी बघा. दोन तोंडांची, एकीकडं तमाखू, एकीकडं चुना. आमच्याकडं गड्याच्या खिशात असतीच, कुणाला शक येत न्हाई. माझ्या डबीत चुन्याच्या जागी पीठ असायचं. भुंगा लाकूड पोखरतो तवा खाली पिवळं बारीक पीठ सांडतंय, ते. कुणाच्या घरी चांगली चीज दिसली की वाकून बघायच्या निमतानं चिमूटभर पीठ तिच्या पायाशी सोडायचं आन् घरच्या माणसालाच हाक मारायची, आवो बघा, ह्याला तर भुंगा लागला. माणूस घाबरतो. मनतो, घिऊन जा बाबा. आन् मी न्यायचो, उपकार केल्यावानी.

सोनपेठकडल्या एका गावात गिरजामावशी हायेत. नात्याच्या न्हाईत, पण पयल्याच दिवशी मनल्या, पाणी पिल्याबिगर लाकडाला हात लावायचा न्हाई, तवापासून मावशी. एकट्याच राहत्यात, लेकी दिलेल्या, मालक जाऊन लय वर्षं झाली. त्यांच्या घरात दोनच चिजा व्हत्या. एक मायेरची सागाची संदूक, झाकणावर पितळेची फुलं. दुसरं मालकानं सोताच्या हातानं केलेलं कडूलिंबाचं फडताळ. मालक शेतकरी, सुतार न्हाई, त्यामुळं त्याचं एक दार लावलं की दुसरं आपूआप उघडायचं. मी हसलो, तर मावशीबी हसल्या, मनल्या, त्यांचंबी तसंच व्हतं रे, एक गोष्ट मिटवली की दुसरी काढायचे.

मला संदूक पायजे व्हती. डबी काढली. आता सागाच्या गाभ्याला भुंगा शिवत न्हाई, हे माझ्या बापानं मला शिकवलेलं, मावशीला कोण शिकवणार. पीठ बघून त्या खालीच बसल्या. बोटावर घिऊन उजेडात धरलं. मनल्या, माझ्या मायनं दिली व्हती रे. मग उठून गपचूप संदूक रिकामी करायला लागल्या. निघताना इचारलं, ह्यो भुंगा दुसऱ्या लाकडाला लागतो का रे? मी मनलं, लागतो की मावशी, संभाळा. बस, एवढंच बोललो. खरं वाटावं म्हणून बोललो.

संदूक दुकानात आणली आन् गंमत बघा, खपंना. गिऱ्हाईक यायचं, फिरून फिरून बघायचं, मनायचं, लयच धड दिसायलीय, नवीच असंल. खोट्या पेट्या जुन्या म्हणून गेल्या आन् खरी जुनी, ती नवी ठरून कोपऱ्यात बसली. दोन वर्षं बसली.

दोन वर्षांनी मला त्या फडताळाची आठवण झाली. शहरातल्या लोकांना आता वाकडंतिकडं, हातानं केलेलं लय आवडायलंय. गेलो. मावशीनं चहा केला, बशीत केळं ठिवलं. फडताळाची जागा मोकळी व्हती, भांडी भुईवर मांडलेली. मी इचारायच्या आधी त्याच मनल्या, जाळलं बाबा. तू सांगून गेलास म्हणून बरं झालं, न्हाईतर चौकटीला लागला असता, वर माळवदाच्या लाकडाला लागला असता, तुझ्यामुळं घर वाचलं.

तो चहा मी कसा पिलो ते माझं मला म्हाईत. गप राहून तीन वर्षं काढली. दुकानात संदुकीवर जुनं पोतं टाकून ठिवलं, तरी ती दिसायचीच.

मागच्या पोळ्याच्या आधी टेंपो केला आन् संदूक घिऊन गेलो. मनात ठरवलं व्हतं, सांगायचं, मावशी, औषध मारलं, भुंगा मेला. म्हणजे बघा, तवाबी खोटंच. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या, मनल्या, आत न्हाई आणायची. मी मनलं, औषध मारलंय. त्या मनल्या, औषधाचं काय सांगतोस, अंगणात ठिव, राकेलची बाटली हाय जुनी, आधी राकेल पाजते तिला. आन् खरंच बाटली आणली, बूच काढलं. सागावर, त्या पितळेच्या फुलांवर आता राकेल सांडणार. मी हात धरला. डबी काढली, चुन्याचं तोंड उघडलं आन् पीठ तळहातावर वतलं. मनलं, मावशी, ह्यो भुंगा. ह्यो माझ्या खिशात असतो.

त्यांनी पीठ बघितलं. बोटावर घेतलं, तसंच उजेडात धरलं. मग मनल्या, म्हणजे फडताळ धड व्हतं.

ते त्यांनी इचारलं न्हवतं. मी तरीबी मान हलवली.

मनल्या, चार दिवस पाणी तापलं त्याच्यावर. मला तवाच वाटलं व्हतं, लिंबाला कशी लागंल कीड? पण तू जाणता, तू सांगितलंस.

मग मनल्या, धर एक कड. दोघांनी उचलून संदूक आत, तिच्या जागी ठिवली. मी मनलं, मावशी, मी तुमाला नवं फडताळ करून देतो, लिंबाचंच, अगदी तसंच. त्या मनल्या, तू नको. तू करशील ते सरळ असंल.

आता सोनपेठकडं गेलो की त्यांच्या दारावरून जातो. उंबऱ्यातच हात पुढं करत्यात, डबी दे. दोन्ही तोंडं उघडत्यात, वास घेत्यात, चुना हाय का बघत्यात, मगच ये मनत्यात. चहा देत्यात. भांडी अजून भुईवरच हायेत. निघायला लागलो की गुडघे धरून वाकत्यात, संदुकीखाली बोट फिरवत्यात आन् दारात येऊन ते बोट उजेडात धरत्यात. फिरवावंच, ताई. तुमीबी फिरवा, मी दाखवीन त्या पत्येक चिजंखाली. मी उभा राहतो, बोट साफ हाय हे त्या बघंपर्यंत. मग त्या हात पदराला पुसत्यात आन् मनत्यात, बरं, जा आता, नीट जा.