घरातलं तिसरं मत

इशिता : नाही आज्जी, असं लांब नको. तू फक्त म्हण, "मला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला आणि मी फसले." एकच सेंटेन्स. मी तेवढंच कट करून प्रेझेंटेशनमध्ये लावते.

आशालता : आणि ते ऐकणार कोण?

इशिता : माझा क्लास. प्लस लेक्चरर. टॉपिक सांगितला ना तुला? ब्रेक्झिट. ओल्ड लोकांनी ऑनलाइन फेक न्यूज वाचली आणि युरोपमधून बाहेर पडायला व्होट दिलं. यंग लोकांना राहायचं होतं. तू तर परफेक्ट आहेस. तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरला होतीस, सिक्स्टी-टू होतीस, आणि तू बाहेरवाली.

आशालता : अगं बाई! बाहेरवाली कोणाला म्हणतात ते आधी तुझ्या आईला विचार, मग क्लासात बोल.

इंद्रनील : आई, विषय बदलू नकोस. म्हणून टाक ना. भाचीचं काम होईल. आणि त्यात खोटं काय आहे?

आशालता : तू खिचडी खा, नील. गुरुवारचा उपास माझा आणि दुसऱ्यांदा वाढून तू घेतोयस.

इशिता : मामानं मला प्रूफ पण दिलंय. तुझा जुना फॉरवर्ड. थांब, वाचते. "युरोपचं दार बंद झालं की आपल्या मुलांना व्हिसा मिळणार. दहा जणांना पाठवा." पाठवलास ना तू हा?

आशालता : पाठवला. दहाच कशाला, लेस्टरच्या अख्ख्या मंडळाला पाठवला.

इंद्रनील : घे. झालं तुझं प्रेझेंटेशन.

आशालता : झालं कसं? तिनं विचारलं, पाठवलास का. का पाठवलास, ते कुठं विचारलं?

इशिता : ओके. का?

आशालता : माझ्या बहिणीचा नितीश. मिरजेला नर्सिंग केलेला मुलगा, हाताचा इतका हलका की पेशंटला सुई कळायची नाही. त्याला इंग्लंडचा व्हिसा दोनदा नाकारला. आणि त्याच वर्षी माझ्या वॉर्डात स्पेनच्या, पोर्तुगालच्या मुली आल्या, नुसता पासपोर्ट दाखवून. मुली गुणी होत्या हो. एकीला मी वरणभात शिकवला. त्यांच्यावर राग नव्हता माझा. पण दारात रांग लावायची तर सगळ्यांना एकच असावी, असं मला वाटत होतं. हे मेसेज यायच्या कितीतरी आधीपासून वाटत होतं.

इशिता : म्हणजे मेसेजनं तुझं माइंड चेंज नाही केलं?

आशालता : जे मनात होतं तेच मोबाईलवर लिहून आलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणून तर शहानिशा न करता पुढं पाठवला. ती चूक माझी, ती लिही. पण ती लाल बस, तिच्यावर लिहिलं होतं बघ, बाहेर पडलं की हॉस्पिटलांना एवढे पैसे मिळणार म्हणून, ते वाचून आम्ही नर्सेस चहाच्या सुट्टीत पोट धरून हसलो होतो. सगळंच काही गिळलं नाही मी.

इशिता : आणि नितीशमामाला व्हिसा मिळाला का नंतर?

आशालता : नाही. त्याला संसार लागला, तो मिरजेतच राहिला. त्याची धाकटी बहीण श्रुती मात्र गेली नंतर. ब्रॅडफर्डला आहे, नर्सच.

इशिता : सो मेसेज खरा होता?

आशालता : कुणासाठी खरा, कुणासाठी खोटा. तुझ्या पडद्यावर त्याला जागा आहे का?

इशिता : नाही. माझे दोनच कॉलम आहेत. यंग आणि ओल्ड.

इंद्रनील : आई, एवढं गोल गोल कशाला? चुकले म्हण ना एकदा. रॉटरडॅमची ऑफर हातात होती माझ्या. घरसुद्धा बघून ठेवलं होतं मी तिकडं. आणि मग त्यांचा फोन, तुम्ही आता बाहेरचे, परमिट लागेल, थांबा. थांबलो. गेली नोकरी. तुझ्या एका मतानं गेली.

आशालता : हे तू मला दर दिवाळीला सांगतोस.

इंद्रनील : सांगणारच. आणि म्हणूनच म्हणतोय, इंग्लंड सोडून या देशात आलो, तर आता नोव्हेंबरला इथलं इलेक्शन आहे, त्यात तू पडू नकोस. मी गाडीनं नेणार नाही. इशूच्या आईला, सुमेधाताईलाही सांगून ठेवलंय.

आशालता : मला न विचारता?

इंद्रनील : तुझ्या फोनवर काय काय येतं ते बघतो ना मी! परवा पलीकडच्या उपनगरातल्या, मनुरेवाच्या विभावरीमावशींनी पाठवलेलं बघितलंस ना? म्हणे मत दिलं की म्हाताऱ्यांचा रेसिडेन्स, इथं राहायचा परवानाच जातो.

आशालता : बघितलं, आणि लगेच विभावरीला फोन केला. विचारलं, कुठं वाचलंस? म्हणाली, आलं. कोणाकडून आलं? म्हणाली, ग्रुपवर आलं. तिला म्हटलं, ज्याला धनी नाही ते दुसऱ्याच्या दारात सोडायचं नाही. तिनं काढून टाकलं, आणि वरून माझ्यावर रुसली. आता मला सांग, यात मी फसले कुठं?

इंद्रनील : या वेळी नाही फसलीस. पुढच्या वेळेचं काय? वय झालंय तुझं, आई. रागावू नकोस, पण हे तुमच्या पिढीचं काम नाही राहिलं.

इशिता : मामा तसं म्हणतो कारण तो माझा दुसरा इंटरव्ह्यू आहे. यंग रिमेन व्होटर. त्याचं रेकॉर्डिंग मी काल केलं. हीप्स इमोशनल आहे, म्हणजे खूपच.

आशालता : असं? लाव बरं.

इंद्रनील : आत्ता कशाला, इशू?

आशालता : लाव गं.

(इशिता फोनवर रेकॉर्डिंग लावते. इंद्रनीलचा आवाज : "मी चोवीस वर्षांचा होतो. मी राहायच्या बाजूनं मत दिलं. आमच्या पिढीनं दिलं. आमचं भविष्य म्हाताऱ्यांनी विकलं.")

आशालता : हं.

इशिता : स्वीट अ‍ॅज, मस्त आहे ना?

आशालता : नील, मी उपाशी आहे, मला जास्त बोलायला लावू नकोस. एकदाच विचारते. नोव्हेंबरला मी मत द्यायला जायचं नाही?

इंद्रनील : नाही जायचं.

आशालता : बरं. इशू, ते बटण चालू आहे का?

इशिता : हो. बंद करू?

आशालता : राहू दे चालू. ऐक. तेव्हाही गुरुवारच होता. मी आणि तुझे आजोबा एका छत्रीतून कोपऱ्यावरच्या शाळेत गेलो. मी बाहेर पडायचं म्हणून फुली मारली. त्यांनी राहायचं म्हणून मारली.

इशिता : व्हॉट? आजोबा रिमेन होते?

आशालता : पक्के. घरात महिनाभर आमची जुंपली होती. पण त्या दिवशी वाटेत एक शब्द वाकडा नाही. येताना दूध घेतलं, तर हे हसत म्हणाले, "आशा, आपण दोघं घरीच चहा पीत बसलो असतो तरी निकाल तोच लागला असता." तर घरातली मतं किती, इशू?

इशिता : तीन. तू, आजोबा, मामा.

आशालता : माझं आणि त्यांचं एकमेकांत गेलं. राहिलं तिसरं. ते कुठं होतं?

इंद्रनील : आई.

इशिता : मामा? तू तर म्हणालास, तू दिलंस.

आशालता : तंबूत होतं ते. गुडघाभर चिखलात, गाण्याच्या जत्रेत. मी किती दिवस मागं लागले होते, की अरे, पोस्टानं दे आणि मग जा. काय म्हणाला होतास मला?

इंद्रनील : आठवत नाही.

आशालता : मला आठवतं. फोन माझ्या नाकासमोर धरलास आणि म्हणालास, "हे बघ, सगळे आमच्याच बाजूचे आहेत. आम्ही जिंकल्यात जमा आहोत. तुमचं कोण ऐकतंय?"

इशिता : ओ माय गॉड. तुझं फीड. तुझ्या फीडमध्ये सगळे रिमेनच होते, म्हणून तू गेलाच नाहीस!

इंद्रनील : ते वेगळं आहे. त्यात खोटं कुणी काही लिहिलं नव्हतं.

आशालता : मला फोननं सांगितलं जा, तुला फोननं सांगितलं जायची गरज नाही. आणि मी म्हातारी म्हणून फसले, तू तरुण म्हणून तुझं भविष्य गेलं! वा रे न्याय.

इंद्रनील : मग इतकी वर्षं गप्प का बसलीस? एकदा तोंडावर फेकायचं होतंस.

आशालता : तुझी नोकरी गेली होती रे. कुणावर तरी चिडायचं होतं तुला. बाबा गेलेले, सरकारला ऐकू येत नाही. मी समोर होते. म्हटलं, चिडू दे. पण म्हणून माझं मत काढून घेशील, असं नव्हतं वाटलं. ते मी कुणाला देत नाही. तुलाही नाही.

इशिता : आज्जी, मंडेला प्रेझेंटेशन आहे. माझे दोन्ही कॉलम गेले. मी आता काय लावू?

आशालता : हे सगळं लाव. मामाची हरकत नसेल तर.

इंद्रनील : आईची वाक्यं लाव. माझं कालचं पुसून टाक. मी पुन्हा बोलतो.

इशिता : खरं बोलशील?

इंद्रनील : बोलतो म्हटलं ना.

इशिता : आणि आज्जीच्या नावापुढं काय लिहू? फसलेली की न फसलेली?

आशालता : चुकली असेल, असं लिही. मत स्वतः दिलं, असंही लिही. फसवली म्हणू नकोस. फसवली म्हटलं की पुढच्या वेळी सांभाळायला चार जण येतात.

इंद्रनील : आई...

आशालता : काय?

इंद्रनील : नोव्हेंबरला किती वाजता काढू गाडी?

आशालता : माझी पूजा आटोपली की काढ. पण मतदान केंद्रावर आधी तू आत जा. मी बाहेर उभी राहून बघते.