मोकळ्या जागा

(पलूसमधलं महेजबीनचं मोबाइलचं दुकान. निवृत्त शिक्षक नाथाजी काउंटरपाशी उभे.)

नाथाजी : ...तीन वर्षं झाली त्या पत्राला. दस्तगीरला मी उत्तर दिलंच नाही.

महेजबीन : औंधचं दस्तगीरचाचा? शाळेची पुस्तकं बांधायचं, ते?

नाथाजी : तोच. आता लेकाकडं, शोएबकडं असतो, मस्कतला. डोळे गेलेत. पत्र शोएबच्या हातचं होतं. ‘नाथा, इथं मराठी कानावर पडत नाही. एखादं पान वाचून आवाज पाठव.’ एवढंच मागितलं होतं.

महेजबीन : मग पाठवायचं की, गुरुजी.

नाथाजी : पुस्तक पिशवीतच असतं, पण कुठलं पान, तेच ठरेना. त्यात माझा आवाज असा घोगरा. वाटायचं, उद्या नीट जमेल. मागच्या महिन्यात शोएबनं कळवलं, अब्बा अंथरुणाला खिळलेत, लवकर पाठवा. त्यातच मी सिमची कंपनी बदलली. नंबर तोच, पण नेट गेलं ते गेलंच.

महेजबीन : किती दिस झालं?

नाथाजी : अकरा. दोनदा आलो होतो गं. गर्दी दिसली, परत गेलो.

महेजबीन : आवं, हाक मारायची. आणा हिकडं. रेंज हाय, डेटा चालू हाय... एपीएन बघू, नेटची सेटिंग. ह्ये कुणी भरलं?

नाथाजी : मीच. कंपनीचा मेसेज आला होता, माहिती भरा म्हणून.

महेजबीन : नावाच्या जागी तुमचं नाव, गावासकट. पासवर्डात पिनकोड. आन् प्रॉक्सीत शोएबचा नंबर?

नाथाजी : रिकामं सोडणं बरं दिसेना.

महेजबीन : तुमीच शिकवलंय, पेपरात एकबी जागा मोकळी सोडायची न्हाई. हितं उलटं असतंय गुरुजी. ही येवढी ओळ भरायची, बाकी समदं मोकळं. तरच लागतंय.

नाथाजी : म्हणजे अकरा दिवस माझ्यामुळंच.

महेजबीन : असूद्या. बंद करून चालू करती... आलं बघा. लय निरोप हायत, शोएबचंच.

नाथाजी : तूच वाच. चष्मा आहे, पण नको.

महेजबीन : ‘काका, अब्बा विचारतात, नाथाचं आलं का.’ ह्यो नऊ दिसांमागचा. ‘काका, फोन त्यांच्या उशाशीच ठेवलाय.’

नाथाजी : पुढं?

महेजबीन : स्टुलावर बसा आधी.

नाथाजी : कधी?

महेजबीन : शुक्रवारी. पहाटंच्या नमाजाच्या वक्ताला.

नाथाजी : आज सोमवार.

महेजबीन : व्हय.

नाथाजी : आणखी काय लिहिलंय?

महेजबीन : ‘जमलं तर अजूनही पाठवा. घरात ऐकू.’

नाथाजी : हे बटण दाबून धरायचं ना?

महेजबीन : व्हय. पुस्तक काढू पिशवीतनं?

नाथाजी : राहू दे... दस्तगीर, नाथा बोलतोय. तुझं पत्र मिळालं.

महेजबीन : आन् काय?

नाथाजी : एवढंच.

महेजबीन : मग बोट उचला, गुरुजी. उचलल्याबिगर जात न्हाई.

नाथाजी : उचललं.

महेजबीन : गेलं.